पुरेसा आधार नाही

सोलापूरने विज्ञानाला एक माणूस दिला. दोन वर्षं आणि एक महिन्यानंतर विज्ञानाने तो एका ओळीच्या पत्रासह परत पाठवला.

तो एक महिना मी सरांच्या धाकामुळे लिहिला आहे. नुसतं ‘दोन वर्षं’ म्हटलं असतं तर ते ग्रंथालयाच्या दारातूनच म्हणाले असते, “कमी-जास्त किती?” आता ते म्हणायला नाहीत, पण सवय जात नाही.

आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे आणि मी ग्रंथपाल होतो, अजून आहे. त्यांच्यासमोर कुठलाही आकडा उघडा ठेवायची सोय नव्हती. चूक किती असू शकते हे सांगितल्याशिवाय आकडा म्हणजे नुसती अफवा, असं त्यांचं मत होतं. आमचे शिपाई रशीदभाई एकदा निरोप घेऊन आले, “प्रिन्सिपॉलसायेब अकराला येतेत.”

“कमी-जास्त किती?”

रशीदभाईंनी क्षणभर विचार केला. “कमी न्हाई सर. जास्तच. सव्वा तास धरा की.”

सर इतके खूश झाले की त्यांनी एम.एस्सी.च्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडलं. चूक दोन प्रकारची असते. एक कधी इकडे, कधी तिकडे जाते. दुसरी कायम एकाच बाजूला जाते, आणि ती धोक्याची, कारण ती कितीही वेळा मोजलं तरी सापडत नाही. हे पोस्टग्रॅज्युएटांना कळत नाही आणि रशीदभाईंना कळतं, असं ते पुढे वर्षभर सांगत राहिले. रशीदभाईंना त्यामुळे प्रिन्सिपॉलसमोर उभं राहणं जड जाऊ लागलं.

एका प्राध्यापकांच्या निरोप समारंभात प्रिन्सिपॉलांनी त्यांना ‘लाखो विद्यार्थ्यांचे शिल्पकार’ म्हटलं. सर मागच्या रांगेतून उठले. “दरवर्षी साठ. एकतीस वर्षं. अठराशे साठ. नापास धरून.” आणि बसले. सत्कारमूर्तींनी शाल सावरली. ते पुढे माझ्याकडे तक्रार करत होते की निदान नापास तरी धरायचे नव्हते.

पत्रिकेत मुहूर्त मिनिटापर्यंत छापलेला असला की ते लग्नाला हमखास जायचे आणि घड्याळ घेऊन मांडवात उभे राहायचे. अक्षता पडल्यावर वधूपित्याला जाऊन फरक सांगायचे. आहेर वगैरे नाही. फरक हाच आहेर.

त्यांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात, उत्तरेच्या सावलीत, एक थर्मामीटर टांगलेला होता. सकाळी आठला आणि दुपारी अडीचला ते त्याचं वाचन वहीत लिहायचे. बावीस वर्षं लिहिलं. रविवारी, दिवाळीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुट्टीतही कॉलेजचं फाटक उघडायला लावून लिहिलं. उन्हाळ्यात पेपरात शहराच्या तापमानाचा मोठा मथळा आला की संपादकांना पत्र जायचं: ‘आपल्या वार्ताहराने थर्मामीटर उन्हात धरला होता काय? उन्हात धरलेला थर्मामीटर हवेचं नव्हे, स्वतःचं तापमान सांगतो.’ संपादकांनी एकदा ते पत्र छापलं. आकडा चुकवून.

त्या थर्मामीटरवर मात्र कुणी शंका घ्यायची नाही. तो प्रयोगशाळेत तपासलेला होता.

‘प्रयोगशाळा’ हा शब्द ते एकाच जागेसाठी वापरायचे. कॉलेजात होती ती लॅब. प्रयोगशाळा म्हणजे दक्षिणेतली ती राष्ट्रीय प्रयोगशाळा, जिथे त्यांनी तरुणपणी पोस्टडॉक केलं. पीएचडी संपल्यावर आणि नोकरी लागण्याआधी माणसाला दोन-तीन वर्षं संशोधक म्हणून तात्पुरतं ठेवून घेतात, त्याला पोस्टडॉक म्हणतात. काम चांगलं झालं तर पुढचं दार उघडतं. यांचं उघडलं नाही. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहा पिताना. चहा ते बीकरमधून प्यायचे, आणि बीकर स्वतः डिस्टिल्ड पाण्याने धुवायचे. शहरात नळाला पाच दिवसांनी पाणी येत असताना हे पाहवत नसे.

दोन वर्षांत त्यांनी एका धातूच्या पट्टीचे दोनशे चौदा रीडिंग घेतले. दोनशे तेरा एका सरळ रेषेत बसले. एक बसला नाही. त्यांच्या साहेबांनी शोधनिबंधातून तो काढून टाकायला सांगितलं. यांनी नकार दिला. साहेब म्हणाले, रेषा बिघडते. हे म्हणाले, मग रेषा बदला. त्यानंतर महिनाभराने ते एका ओळीचं पत्र आलं: मुदतवाढ देण्यात येत नाही.

“तो रीडिंग खरा होता का, सर?”

“बहुतेक नाही. हात हलला असेल.”

“मग?”

पुस्तकाचं पान फाडायची परवानगी मागणाऱ्याकडे मी ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “घेतला होता ना.”

विशेष म्हणजे त्या जागेबद्दल त्यांच्या मनात कडू असं काही नव्हतं. साहेब चुकले, प्रयोगशाळा चुकत नाही, असा त्यांचा हिशेब होता. थर्मामीटरच्या लाकडी डबीत प्रयोगशाळेच्या शिक्क्याचं तपासणीपत्र होतं आणि त्याच्याच खाली घडी घालून ते एका ओळीचं पत्र. दोन्हींवर एकच शिक्का. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ‘कमी-जास्त किती’ विचारणारा हा माणूस त्या शिक्क्याला कधीच काही विचारत नव्हता.

श्रीलता त्यांची विद्यार्थिनी. बी.एस्सी.पासून पीएचडीपर्यंत त्यांच्याच हाताखाली. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराची मुलगी. घरी वडिलांचे दोन माग दिवसभर चालत, म्हणून ती अभ्यासाला माझ्या ग्रंथालयात बसायची आणि पंखा कुरकुरला तरी तिला शांत वाटायचं. तिने काचेवर एक पातळ थर बसवला होता, जो हवेतला अमोनिया ओळखायचा. लॅबमध्ये तो उत्तम चालला. सर म्हणाले, बाहेरच्या हवेत चालतो का बघू. बाहेर खात्रीचा अमोनिया कुठे मिळणार? मुलांच्या मुतारीत.

आठ दिवस ती मुतारी रोज दोन तास बंद राहिली. आत श्रीलता तोंडाला ओढणी बांधून यंत्र घेऊन बसलेली आणि दारात सर उभे.

“सर, लई घाई हाय ओ,” मुलं म्हणायची.

“प्रयोग चालू आहे. पलीकडच्या इमारतीत जा.”

“आमीबी प्रयोगालाच आलाव की!”

“तुमचा प्रयोग कालच झाला. तुमच्यामुळेच हे रीडिंग आहेत.”

प्रिन्सिपॉलांनी खुलासा मागवला. सरांनी आलेख जोडून पाठवला. तो आलेख पुढे परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यात जागेचं नाव ‘प्रत्यक्ष वापराची परिस्थिती’ असं होतं.

मग प्रयोगशाळेची जाहिरात आली. पोस्टडॉकची जागा, विषय वायू ओळखणारे पातळ थर, म्हणजे जणू श्रीलताचं माप घेऊनच शिवलेली. जागा एक. वयाची अट अशी की सगळ्या सवलती धरूनही मार्चमध्ये तिची मुदत संपत होती. पुढच्या वर्षी जाहिरात आली तरी ती तिच्यासाठी नसणार. तोपर्यंत ती आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे तास असेल तोपर्यंत प्राध्यापक, घंटा झाली की बेकार.

तिचे वडील एकदा ग्रंथालयात आले. चपला बाहेर काढून आले, मी नको म्हणत असताना.

“सर, पोरीचं तिकडचं होतंय का नाय? आमच्यातले लोक विचारायलेत. लग्नाचं किती दिवस थांबवू? म्हणलं तुमी पुस्तकातले मानूस, तुमाला म्हाईत आसंल.”

“होईल,” मी म्हणालो. कशाच्या आधारावर म्हणालो, देव जाणे. सर तिथे नव्हते म्हणून बरं.

“होऊ दे बाबा. एकदा गेली म्हंजे मी सगळ्यांची तोंडं बंद करतो.” जाताना त्यांनी पुस्तकांच्या कपाटाला नमस्कार केला.

अर्जासोबत तीन शिफारशी लागत होत्या. दोन आल्या. तिसरी, मुख्य, मार्गदर्शकाची. ती संगणकावर भरायची होती. सरांना माऊस धरता येत नव्हता. ते तो टेबलावर ठेवून लांबून बघायचे, जणू चावेल. त्यामुळे शेवटच्या दिवशी दुपारी चारला ते माझ्याकडे आले. फॉर्म पाचला बंद होणार होता.

तीन पानांचं पत्र त्यांनी हाताने लिहून आणलं होतं. मी ते टाइप करत होतो आणि मला आश्चर्य वाटत होतं. तेवीस वर्षांच्या शेजारात त्यांनी कुणाचंही इतकं चांगलं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मुतारीचाही उल्लेख होता, आदरपूर्वक. पत्र चढलं. मग एक शेवटचा प्रश्न आला. उत्तर खालच्या यादीतून निवडायचं: आपण आजवर पाहिलेल्या संशोधक विद्यार्थ्यांत उमेदवाराचं स्थान कुठे? सर्वोत्तम पाच टक्के, सर्वोत्तम दहा टक्के, सर्वोत्तम पंचवीस टक्के. आणि सगळ्यात खाली: मत देण्यास पुरेसा आधार नाही.

“पाच टक्के,” मी म्हणालो आणि बाण तिथे नेला.

“थांबा. मी किती पीएचडी विद्यार्थी पाहिले?”

“किती?”

“अकरा. अकराचे पाच टक्के म्हणजे अर्धा माणूस. अर्ध्या माणसात मी तिला कशी बसवू?”

“मग दहा टक्के.”

“एक पूर्णांक एक दशांश. तो दशांश कोण?”

“सर, ती त्या अकरांत पहिली आहे ना?”

“पहिलीच. प्रश्न तो नाही. अकरांवरून टक्के काढता येत नाहीत. निदान शंभर तरी पाहिजेत.”

“सगळे पाच टक्केच लिहितात, सर.”

“सगळे म्हणजे किती?”

“सगळेच.”

“मग खरे पाच टक्के कोण, हे त्यांना कसं कळतं?”

“नाही कळत. म्हणून तर सगळे लिहितात.”

ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. “ग्रंथपाल, इतर कुठला फॉर्म असता तर मीही म्हणालो असतो, टाका काहीही. हा प्रयोगशाळेचा आहे. त्यांनी शेवटचा पर्याय ठेवला आहे, म्हणजे कुणीतरी विचार करून ठेवला आहे. त्यांना खरं उत्तर हवं आहे. आणि पत्रात सगळं लिहिलंच आहे. वाचतील.”

भिंतीवरच्या घड्याळात पाचला बारा मिनिटं कमी होती. माऊस माझ्या हातात होता. सर चष्मा काढून काच पुसत होते आणि चष्म्याशिवाय त्यांना पडदा दिसत नव्हता. मी पाच टक्क्यांवर टिचकी मारली असती तर जगात कुणालाही कळलं नसतं. हे मला त्या वेळी सुचलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. सुचलं होतं. पण मी ग्रंथपाल आहे. मागितलेलं पुस्तक काढून देणं हे माझं काम, ते वाचू नका म्हणणं नव्हे. मी शेवटच्या पर्यायावर टिचकी मारली.

“झालं?”

“झालं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रीलताला बोलावून स्वतःच सांगितलं की टक्केवारीला पुरेसा आधार नाही असं उत्तर दिलं आहे, आणि का दिलं आहे. मी तिथेच होतो. तिने ते उभ्यानेच ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरोबर आहे सर.” आठ-दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? तिच्या जागी मी काय म्हणालो असतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलाखतीला बोलावलेल्यांची यादी आली, तीत तिचं नाव नव्हतं. मी प्रयोगशाळेच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या कारकुनाने हिंदीत, अगदी सौजन्याने सांगितलं की अर्ज फार येतात. तिन्ही शिफारशींत पाच किंवा दहा टक्के असेल तेवढेच पुढे जातात. बाकीचे संगणक गाळतो.

“आणि पत्रं?”

“पत्रं पुढे गेलेल्यांची वाचतात.”

“मग तो शेवटचा पर्याय कशाला ठेवलाय?”

“कोणता?” त्याने बघितलं असावं. “हां. तो फॉर्म बनवणाऱ्या कंपनीने ठेवलाय. त्यांच्या सगळ्याच फॉर्मवर असतो.”

मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. का सांगितलं, ठाऊक नाही. एकट्याने बाळगायचं नव्हतं, हे बहुधा खरं कारण. अडीचचं वाचन घ्यायची वेळ झाली होती, ते घ्यायला गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी रजा टाकली. बावीस वर्षांतली पहिली. तीन दिवसांची वाचनं रशीदभाईंनी घेतली आणि ती वहीत वेगळ्या शाईत आहेत. सर परत आले ते थेट माझ्याकडे. हातात तीच जुनी चामडी पिशवी.

“भेटले का कुणी?”

“आत सोडलं नाही. पास लागतो. पास आतून मिळतो.”

“तुमचं जुनं ओळखपत्र?”

“दाखवलं. पहारेकरी म्हणाला, या नावाचा विभागच आता नाही.” ते खुर्चीवर बसले. “पत्राची प्रत त्याच्याकडे दिली. त्याने ठेवून घेतली. चांगला माणूस होता. खुर्ची दिली.”

“किती वेळ थांबलात?”

“सव्वापाच तास.” मी काही विचारायच्या आतच म्हणाले, “कमी-जास्त दहा मिनिटं. घड्याळ फाटकाच्या आत होतं, नीट दिसत नव्हतं.”

त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं.

मार्च आला आणि गेला. एप्रिलमध्ये प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर एक ओळ आली की योग्य उमेदवार न मिळाल्याने ती जागा रिक्त ठेवण्यात येत आहे. ही ओळ मी सरांना दाखवली नाही. ग्रंथपालाच्या धंद्यात काही गोष्टी मागितल्याशिवाय काढून द्यायच्या नसतात, हे मला जरा उशिराच सुचलं.

श्रीलता चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागली. तिथे दुसऱ्या कारखान्यांची मोजमापाची साधनं तपासून देतात. लग्नाचं पुढे काय झालं मी विचारलं नाही. तिचे वडील एकदा रस्त्यात दिसले, मान हलवून पुढे गेले. चपला पायातच होत्या.

सर निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी आजारी पडले. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले. यांनी सवयीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते देवाच्या हातात. चार महिने अकरा दिवस भरले. शेवटच्या भेटीत ते मला म्हणाले, “अकराच होते हो. बारावा असता तरी मी तेच लिहिलं असतं.” थोड्या वेळाने म्हणाले, “पण तिला बरं वाटलं नसेल.” असं वाक्य त्यांच्या तोंडून मी तेवढं एकच ऐकलं. त्याला आकडा नव्हता.

मग प्रिन्सिपॉलांना स्फूर्ती आली. जिवंतपणी ज्यांच्याकडे तीन खुलासे मागितले होते, त्यांच्याच नावाने त्यांनी विज्ञान दालन काढायचं ठरवलं. कोनशिलेवर ‘अचूकतेचे उपासक’ अशी अक्षरं आली. बावीस वर्षांच्या वह्या आणि तो थर्मामीटर काचेच्या पेटीत ठेवायचा होता. मला वाटलं, ठेवण्याआधी तो एकदा तपासून घ्यावा. सरांना आवडलं असतं. मी तो डबीसकट श्रीलताकडे नेला.

आठ दिवसांनी ती स्वतः ग्रंथालयात आली. डबी टेबलावर ठेवली, सोबत तिच्या सहीचं प्रमाणपत्र. आता शिक्का तिच्या कारखान्याचा होता.

“एक पूर्णांक दोन अंश जास्त दाखवतो सर. सगळीकडे सारखाच. काच वर्षानुवर्षं आक्रसते, पारा वर सरकतो. मधे कधीतरी पुन्हा तपासायला पाहिजे होता.”

“त्यांच्याकडे प्रयोगशाळेचं तपासणीपत्र होतं.”

“बघितलं. खालचं पत्रही बघितलं.”

“म्हणजे वह्यांतलं सगळं चूक?”

“सगळं नाही. सुरुवातीचं बरोबर असेल.”

“कधीपासून चुकत गेला?”

“ते सांगता येत नाही. पुरेसा आधार नाही.”

मला वाटलं, आता बोलायला हवं. “श्रीलता, त्या दिवशी तो फॉर्म...”

“माहीत आहे सर,” ती म्हणाली. “सरांना माऊस कुठे धरता येत होता?”

तिने डबीचं झाकण लावलं आणि प्रमाणपत्राची पोच मागितली. नियमाप्रमाणे लागते. मी सही केली. तारीखही घातली. तिने ती कागदाच्या पिशवीत ठेवली आणि कपाटांकडे एकदा बघून ती गेली. नमस्कार वगैरे केला नाही.

प्रमाणपत्र पेटीत लावू नये, असं प्रिन्सिपॉलांचं मत पडलं. त्याने प्रतिमेला बाधा येते. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. थर्मामीटर दालनात, पश्चिमेच्या खिडकीखाली, काचेच्या पेटीत आहे. दुपारी तिथे थेट ऊन येतं. गेल्या मे महिन्यात मुलांनी त्याच्यासोबत काढलेला एक फोटो पेपरवाल्यांच्या हाती लागला, आणि दुसऱ्या दिवशी शहराचं तापमान एक्कावन्न अंश असल्याचा मथळा आला. त्यातून एक पूर्णांक दोन वजा करायला हवे होते.